साठ पावलांचा चिखल

टॅमझिन बोसँको वाटेच्या कडेनं कधी चाललीच नाही. लहानपणी आई ओरडायची, लग्न झाल्यावर नवरा हसायचा, पण हिचे पाय जायचे ते थेट डबक्यातून. पासष्टी उलटली, डावा गुडघा कुरकुरायला लागला, तरी गूनग्लासच्या माळावरून गाई परत आणताना ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्याच्या मधोमध चालायची, आणि तिच्या पाच तांबड्या गाईही मागून तशाच, मधोमध. "कडेला काटे आणि मध्ये पाणी," ती म्हणायची. "पाणी कधी टोचल्याचं ऐकलंय का कुणी?"

माळच तसा होता. ऑक्टोबर ते मार्च त्याचं तळं व्हायचं. खाली सर्पेंटाइनचा अखंड खडक, वर हातभर चिकणमाती. पाण्यानं मुरावं तरी कुठे? हेदरची झुडपं घोटाभर पाण्यात उभी असायची आणि समुद्राकडून धुकं आलं की लाइटहाउसचा भोंगा दिवसभर रेकत राहायचा. उन्हाळ्यात हाच माळ इतका कडक वाळायचा की गाईंच्या खुरांचा आवाज टॅमझिनला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. त्या माळावरून टॅमझिनच्या फाटकापासून चॅपलपर्यंत जुनी गाडीवाट होती. कधीकाळी तिच्यावर चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या होत्या. आता त्या फाटकाजवळच्या वीसेक पावलांतच उरल्या होत्या. पुढे चॅपलच्या दारापर्यंत दगड घातलेले होते.

एका मे महिन्यात फाटकाशी एक अनोळखी बाई पालथी पडलेली टॅमझिनला दिसली. हातातली दुधाची बादली खाली ठेवून ती धावली.

"अगं पोरी, चक्कर आली का? थांब, पाणी आणते."

"पाणी नको," खालून आवाज आला. "उजवा पाय जरा मागे घ्या. तुम्ही त्याच्यावर उभ्या आहात."

"कुणावर?"

बाई उठून बसली. तिशीची, चष्म्याला चिखल, कोपरं ओली. तिचं नाव ब्रिजेट. निसर्गरक्षणाच्या ऑफिसातून आली होती, वनस्पती मोजायला. तिनं भिंग पुढे केलं. चाकोरीच्या वाळत आलेल्या चिखलात, बोटाच्या पेराएवढं, खाली हिरवं आणि शेंड्याला तांबूस असं काहीतरी होतं. गवत म्हणावं तर गवत नव्हतं.

"बुटका लव्हाळा," ब्रिजेट म्हणाली. "सगळ्या देशात हा फक्त लिझर्ड द्वीपकल्पाच्या या टोकावर उगवतो. तोही मोजक्या वाटांवर."

टॅमझिननं भिंगातून पाहिलं आणि ती एकदम हसली. "हा होय! हा तर बाहुलीचा झाडू!"

टॅमझिनचे वडील माळावरून काटेरी फर्झ तोडून बैलगाडीनं गावात जळणाला नेत. सहा-सात वर्षांची टॅमझिन गाडीच्या मागे चालायची. मे महिन्यात दोन्ही चाकोऱ्या पार चॅपलपर्यंत तांबूस दिसायच्या. शेजारच्या शेतावरच्या इडिथकडे लाकडी बाहुलीघर होतं, पण त्यात झाडू नव्हता. टॅमझिन मूठभर लव्हाळे उपटून दोऱ्यानं बांधायची आणि झाडू तयार. दर आठवड्याला नवा, कारण इडिथला केर आवडत नसे. पुढे त्याच इडिथच्या धाकट्या भावाशी, हेडलीशी, टॅमझिनचं लग्न झालं आणि ती शेजारच्या शेतावरून या शेतावर आली. एवढाच तिचा आयुष्यातला प्रवास. दोन कुंपणं ओलांडली असतील-नसतील.

"पार चॅपलपर्यंत होता?" ब्रिजेटनं विचारलं. "मग गेला कुठे?"

"कुणास ठाऊक," टॅमझिन म्हणाली आणि बादली उचलून घरात गेली.

ठाऊक कसं नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत टॅमझिनची सासू थर्झा गेली. त्या भागात शवपेटी खांद्यावरून न्यायची रीत. चौघे उचलतात, दुसरे चौघे मागे तयार असतात आणि बाकीचे सगळे गात चालतात, घरापासून चॅपलपर्यंत. गाणं तुटू द्यायचं नाही, हा नियम. आदल्याच हिवाळ्यात एका म्हाताऱ्याला नेताना पुढच्याचा पाय चाकोरीत घसरला होता आणि पेटी चिखलात टेकली होती. गाणं बंद पडलं होतं. हेडलीनं तेव्हापासून त्याची धास्ती घेतली होती. "माझी आई चिखलात टेकणार नाही," एवढंच तो बोलला. अंगणातलं पडकं गोठाघर त्यानं दोन दिवसांत उतरवलं. शेजारी ट्रॅक्टर घेऊन आले. चॅपलकडून सुरुवात करून दगड चाकोऱ्यांत भरत आले. टॅमझिनही हातांना फडकी बांधून दगड देत होती. स्वयंपाकघरातलं तडकलेलं चिनी मातीचं सिंकसुद्धा तिनं फोडून आत टाकलं. फाटकाला वीस पावलं उरली तेव्हा गोठाघर संपलं.

अंत्ययात्रा कोरड्या पायांनी गेली. गाणं एकदाही तुटलं नाही. लोक कित्येक वर्षं सांगत, थर्झा बोसँको गेली ती राणीसारखी. आणि बाहुलीच्या झाडूंचं बी मात्र त्या दगडांखाली तसंच पडून राहिलं. ते कुणाच्या मनातही आलं नाही; टॅमझिनच्याही नाही. हेडली एकोणनव्वदमध्ये गेला. त्याला नेतानाही पाय कोरडेच राहिले.

ब्रिजेट दर मे महिन्यात यायची. पहिल्या वर्षी चाळीस रोपं मोजली, दुसऱ्या वर्षी अकरा. तिसऱ्या वर्षी तिनं तीन मोजली आणि चौथं शोधत तासभर ओणवी राहिली. टॅमझिननं तिच्यासाठी चहा आणि केशराचा बन फाटकावरच आणून दिला.

"याला तुडवणारं कुणीतरी लागतं," ब्रिजेट बनाचा तुकडा मोडत म्हणाली. "हिवाळ्यात पाणी हवं, पाण्यात खुरं आणि चाकं हवीत. चिखल उघडा राहिला तर हा उगवतो. नाहीतर गवत माजतं आणि याला गिळून टाकतं. इथे तुमच्या गाई उभ्या राहतात म्हणून इतके दिवस टिकला. पण वीस पावलांत किती टिकणार?"

"बी किती दिवस जगतं?"

"चिखलाखाली? पन्नास वर्षंसुद्धा. का?"

मग टॅमझिननं तिला सगळं सांगितलं. गोठाघर, सासू, सिंक, सगळं. ब्रिजेटचा चहा गार झाला.

"वाईट बातमी ही," शेवटी ब्रिजेट म्हणाली, "की तुमच्या गावच्या पॅरिश कौन्सिलनं पूर्ण वाटेवर खडी घालायचं ठरवलंय. मार्चमध्ये. फाटकापर्यंत, ही वीस पावलं धरून. मग गूनग्लासवरचा हा लव्हाळा संपला. आमचं ऑफिस पत्र पाठवून काम थांबवू शकेल. पण पत्रानं दगड निघत नाहीत, आणि गाव चिडतं ते वेगळंच."

"पत्र नको," टॅमझिन म्हणाली. "अध्यक्ष आमची इडिथ आहे. मीच बघते."

इडिथ आता एकोणसत्तर वर्षांची होती आणि टॅमझिनच्या फाटकाजवळच्या छोट्या घरात एकटी राहायची. आयुष्यभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि गावातल्या निम्म्या लोकांना ती अजून पाढे चुकलेली पोरंच समजायची. टॅमझिन गेली तेव्हा ती ओट्यावर हेवी केकच्या पिठावर सुरीनं जाळीच्या रेघा ओढत होती.

"बूट बाहेर," मागे न बघता इडिथ म्हणाली.

टॅमझिननं बूट काढले आणि मोज्यांवर उभी राहून एका दमात सांगून टाकलं. खडी नको. उलट फाटकापुढचे साठ पावलांचे दगड काढू दे.

इडिथची सुरी थांबली. "कुणाचे दगड?"

"इडिथ, मला माहितेय कुणाचे. मीच हातात देत होते ना त्याच्या."

"माझ्या भावानं आईसाठी घातलेले दगड तू उपटणार. कशासाठी? गवतासाठी!"

"गवत नव्हे. आपले झाडू. तुझ्या बाहुलीघरातले. आठवत नाहीत तुला?"

"नाही आठवत." सुरी पुन्हा चालू झाली. "मला एवढं आठवतं की मी दर रविवारी चॅपलला जाते आणि माझे शूज कोरडे राहतात. हेडलीमुळे. तुझा नवरा होता तो, टॅमझिन. तुला त्याचं काहीच राखावंसं वाटत नाही?"

हे मात्र वर्मी लागलं. टॅमझिन म्हणाली, "हेडलीला कळलं असतं ना, की त्याच्या हातून काय मेलंय, तर तो आज इथे पहार घेऊन उभा असता. तुझ्या परवानगीसाठीसुद्धा थांबला नसता. मी थांबतेय, कारण मी त्याच्याहून शहाणी आहे."

"शहाणी!" इडिथ म्हणाली. "ऑक्टोबरच्या सभेत ये. तिथे बोल. घरात मला दमात घेऊ नकोस."

सभा गावच्या रीडिंग रूममध्ये भरली. रॉकेलच्या हीटरचा वास, पंधरा माणसं आणि बारा खुर्च्या. टॅमझिननं पेस्ट्री गुंडाळायच्या कागदावर मुद्दे लिहून आणले होते, पण चष्मा घरी राहिला होता. म्हणून ती तशीच बोलली, आणि बहुधा त्यामुळेच बरं बोलली. चाकोरी म्हणजे काय, पाणी का साचायला हवं, गाईचा पाय पडला की चिखल कसा उघडतो. तीन रोपं उरली आहेत, हे तिनं दोनदा सांगितलं.

"मावशी," मागून एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं, "म्हणजे आम्ही सरकारी पैशानं वाट खराब करायची?"

"सरकारी पैशानं नाही. माझ्या कमरेनं."

हशा पिकला. विल्फ रोझवेअर, पलीकडच्या शेतावरचा सत्तरीचा म्हातारा, पाइप तोंडातून न काढता म्हणाला, "पन्नास वर्षं आम्ही चिखलातून बाहेर पडायला धडपडलो. आणि ही बाई म्हणते, परत आत चला."

"तू कधी बाहेर पडलास रे? तुझा ट्रॅक्टर दर जानेवारीत कोण ओढून काढतं?"

विल्फचा पाइप तोंडातून निघाला. मग इडिथनं टेबलावर पेन्सिल आपटली. तिचा चेहरा दगडासारखा होता, पण ती न्यायाची बाई होती, हे सगळेच मान्य करायचे.

"साठ पावलं," ती म्हणाली. "एक हिवाळा, एक वसंत. मिडसमरचा जाळ टेकडीवर पेटतो त्या दिवसापर्यंत, म्हणजे तेवीस जूनपर्यंत, त्या साठ पावलांत हे जे काही आहे ते उगवलं, तर पुढचं पुढे बघू. नाही उगवलं तर फाटकापासून चॅपलपर्यंत सगळीकडे खडी पडेल, आणि टॅमझिन बोसँको त्यावर पुन्हा तोंड उघडणार नाही. कबूल?"

"कबूल," टॅमझिन म्हणाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी तिनं पहार उचलली. पंचवीस वर्षं दाबलेले दगड असे सहजी हलत नाहीत. पहिल्या दिवशी चार पावलं झाली. दुसऱ्या दिवशी तीन, कारण पाठ. दगड ट्रेलरमध्ये भरून ती वाटेकडेच्या दगडी बांधाशी नेऊन टाकायची. ढासळलेला बांध त्यानं भरून निघत होता, तेवढंच समाधान. आठवड्याभरानं विल्फ आला. बांधाला टेकून पाइप ओढत त्यानं अर्धा तास पाहिलं.

"तू पहार चुकीची धरतेस."

"मग बरोबर कशी धरतात?"

विल्फनं धरून दाखवली. आणि मग ती त्याच्याच हातात राहिली; रोज सकाळी नऊला तो हजर. "मला त्या गवताचं काही नाही," तो सांगायचा. "पण ही बाई चुकीचं काम करते ते बघवत नाही मला."

एकतिसाव्या पावलावर सिंकचा तुकडा निघाला. पांढरा, निळ्या रेघेचा. टॅमझिन तो हातात घेऊन बांधावर बसली. त्या सिंकमध्ये तिनं लग्नानंतरची बारा वर्षं भांडी घासली होती, आणि हेडली मागून येऊन मानेवर गार हात ठेवायचा तेव्हा ती ओंजळभर पाणी त्याच्यावर उडवायची. तुकड्याच्या खालच्या बाजूला निळसर राखाडी माती चिकटली होती. मऊ, ओलसर, दगडांखाली जशीच्या तशी राहिलेली.

"रडतेस?" विल्फनं विचारलं.

"माती बघ ना," ती म्हणाली. "जिवंत आहे." आणि तुकडा एप्रनच्या खिशात टाकून उठली.

नाताळच्या आधी साठ पावलं मोकळी झाली. मग पाऊस लागला आणि चाकोऱ्या भरल्या. तेव्हापासून टॅमझिन सकाळ-संध्याकाळ पाचही गाई तिथून न्यायची, परत आणायची आणि पुन्हा न्यायची. रविवार सोडून रोज ती हेडलीचा जुना ट्रॅक्टर काढून, ट्रेलरमध्ये काही न भरता, त्या साठ पावलांत वर-खाली करायची. पोस्टमननं गावात पसरवलं की टॅमझिन मावशीला बहुतेक घर सापडत नाही. जानेवारीत विल्फ उरलेले दगड भरलेला ट्रेलर घेऊन निघाला आणि पन्नासाव्या पावलावर रुतला. मागचं चाक पुढे-मागे, पुढे-मागे करता करता गुडघ्याएवढा खड्डा पडला. त्याला काढायला दोन ट्रॅक्टर आणि अर्धं गाव लागलं.

"जानेवारी आला वाटतं," टॅमझिन म्हणाली.

"एक अक्षर बोलू नकोस," विल्फ म्हणाला.

तो खड्डा वाटेला पडलेल्या जखमेसारखा दिसायचा. टॅमझिनला त्याची लाज वाटायची. सुकला की बुजवू, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

आणि इडिथ? इडिथ दर रविवारी डांबरी रस्त्यानं, दोन मैलांचा वळसा घालून, चॅपलला पायी जायला लागली. मोटारीतून नेतो म्हटलं तरी नको म्हणायची. प्रार्थना सुरू झाल्यावर बरोबर पाच मिनिटांनी दार उघडायची, टॅमझिनच्या शेजारून जाताना मोठ्यानं धापा टाकायची आणि पुढच्या बाकावर बसायची. बोलायची नाही एक शब्द. टॅमझिनला वाटायचं, त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

एप्रिलमध्ये पाणी आटलं. चिखलाला कातडीसारखी चमक आली. मे उजाडला आणि टॅमझिन रोज सकाळी दूध काढायच्या आधी गुडघ्याखाली पोतं घालून वाटेवर ओणवी व्हायची. सतरा मेला तिला दिसलं: मोकळ्या केलेल्या साठांतल्या पहिल्या वीस पावलांत बारीक, हिरवी, टोकदार रोपं, दहा नव्हेत, शेकड्यांनी. तिनं धावत जाऊन ब्रिजेटला फोन केला. विल्फला हाक मारली. पोस्टमनला थांबवून दाखवलं. जाता जाता इडिथच्या दारावरही थाप मारली आणि ती उघडायच्या आत "आलाय!" म्हणून ओरडून निघून आली.

ब्रिजेट दुपारी आली. ओणवी झाली, भिंग लावलं, आणि बराच वेळ उठलीच नाही.

"हा दुसरा आहे," ब्रिजेट हळूच म्हणाली. "याचा चुलतभाऊ. अगदी साधा; डबकं दिसलं की येतो, कुठेही. रंग बघा ना, टोकाला तांबूस नाही. सॉरी, मिसेस बोसँको."

"बाहुलीचे झाडू शंभर केले मी," टॅमझिन म्हणाली. "आणि मला ओळखता आला नाही."

"साठ वर्षं झाली त्याला."

"त्यानं काय झालं!" ती स्वतःवरच खेकसली. विल्फ काहीतरी विनोद करणार होता. तिचा चेहरा बघून त्यानं तो गिळला आणि पाइप शोधायचं नाटक केलं.

फाटकाजवळच्या जुन्या वीस पावलांत त्या वर्षी खऱ्या लव्हाळ्याचं एकच रोप होतं.

मिडसमरला पाच आठवडे उरले, मग चार, मग दोन. पोरांनी टेकडीवर जाळासाठी फर्झचा ढीग रचायला सुरुवात केली. तो रोज थोडा उंच व्हायचा आणि टॅमझिनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमका दिसायचा. तिनं खिडकीकडे पाठ करून भांडी घासायला सुरुवात केली, म्हणजे टेबलावर परात ठेवून. पण रोजचं ओणवं होणं चुकवलं नाही. विल्फ एकदा म्हणाला, "राहू दे आता. तू केलंस ते केलंस."

"जाळ पेटलाय का?"

"नाही."

"मग?"

अकरा जूनला तिनं ठरवलं की निदान विल्फचा तो खड्डा तरी बुजवून टाकू. निकाल काय लागायचा तो लागो, पण इडिथच्या डोळ्यांना ही घाण नको. फावडं घेऊन ती पन्नासाव्या पावलाशी गेली. इतर चाकोऱ्या केव्हाच वाळून तडकल्या होत्या. खड्डा मात्र खोल होता म्हणून आताआता कुठे आटला होता, आणि त्याच्या तळाला अजून ओल होती. फावडं मातीत घालायला तिनं पाय उचलला आणि तो तसाच वर राहिला.

तळाला आणि उतारावर चाकानं उलटून टाकलेल्या निळसर राखाडी मातीत तांबूस झाक होती.

ती ओणवी झाली नाही. आधी फावडं लांब नेऊन ठेवलं. मग पोतं आणलं. मग ब्रिजेटनं देऊन ठेवलेलं भिंग. पेराएवढं, खाली हिरवं, शेंड्याला तांबूस. तरी तिचा स्वतःवर विश्वास नव्हता. तिनं फक्त फोन केला. ब्रिजेट येईपर्यंत विल्फलाही सांगितलं नाही, गाईंनाही नाही.

ब्रिजेटनं मोजायला दोन तास घेतले. दोनशे चौदा.

"कुणी केला हा खड्डा?" तिनं विचारलं. "सगळ्यात खोल बी इथेच वर आलंय."

विल्फनं छाती पुढे काढली. "मी," तो म्हणाला. "मुद्दाम."

इडिथ तिसऱ्या दिवशी आली. एकटीच. टॅमझिन तेव्हा गाईंना दुसरीकडून वळवत होती; बी धरेपर्यंत आता तिथे कुणाचा पाय पडू द्यायचा नव्हता. इडिथ खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली, काठी टेकून, तपासणीला आलेल्या शाळा तपासनिसासारखी.

"हे?"

"हे."

"एवढंसं?"

"एवढंसंच असतं. भिंग देऊ?"

"मला दिसतं अजून." पण ती वाकली. वाकत वाकत गुडघ्यावर बसली, आणि उठताना पंचाईत होईल हे दोघींनाही कळलं. मग म्हणाली, "तू बांधायचीस ते झाडू तीन दिवसांत सुटायचे. दोरा सैल असायचा तुझा."

"तुला आठवत नव्हते ना?"

"त्या दिवशी आठवायचं नव्हतं." इडिथनं हातमोज्यानं डोळ्याखाली काहीतरी पुसलं; वारा होता. "टॅमझिन, मला एकच सांग. मी मेल्यावर मला या वाटेनं न्यायचंय. आईला नेलं, हेडलीला नेलं तसं. तू दगड काढलेस. आता मला कोण नेणार चिखलातून? विल्फ? तो एकटा स्वतःला नेऊ शकत नाही."

टॅमझिननं याचा विचार करून ठेवला होता. नोव्हेंबरमध्येच, पहारीच्या पहिल्या दिवशी.

"खांद्यावरून नाहीच न्यायचं. ट्रेलरवरून. हळूहळू, चाकोरीतून. गाणारे कडेनं चालतील. कडेला मी हातभर रुंद कोरडी पायवाट ठेवणार आहे. गाणं तुटणार नाही. आणि चाकं फिरली की यांचंही भलं होईल."

इडिथनं तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे मेल्यावरही तू माझ्याकडून काम करून घेणार."

"तुझं वजन चांगलं आहे. चाक छान रुतेल."

इडिथ हसली नाही, पण तिच्या नाकपुड्या फुलल्या. शाळेत असताना पोरांनी खरंच चांगला विनोद केला की असंच व्हायचं. "ट्रॅक्टर हेडलीचाच हवा," ती म्हणाली. "भाड्याचा आणलास तर उठून बसेन. आणि चॅपलच्या दाराशी वीस पावलं दगड राहू देत. आईसाठी. तेवढे तू हलवायचे नाहीस."

"नाही हलवणार."

"मग हात दे. उठव मला."

जुलैच्या सभेत खडीचा ठराव रद्द झाला. इडिथनं तो वाचून दाखवला, चष्मा काढला आणि म्हणाली, आता कुणाला काही विचारायचं आहे का? कुणालाच नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी टॅमझिननं पुन्हा पहार उचलली. चॅपलच्या दाराशी सोडायची वीस पावलं वजा करून अजून तीनशे नव्वद पावलं होती; तिच्या हिशेबानं सहा हिवाळे. विल्फ नऊला आला आणि ती अजूनही पहार चुकीची धरते म्हणून त्यानं ती काढून घेतली. त्याच आठवड्यात पाऊस लागला. रविवारी सकाळी टॅमझिन फाटक उघडून चॅपलला निघाली, तर पुढे कुणीतरी चालत होतं. काळा कोट, डोक्याला हॅट, पायात कोरे करकरीत रबरी बूट, आणि हातातल्या पिशवीतून बाहेर डोकावणारे चामडी शूज. कोट एका हातानं वर धरून इडिथ चाकोरीच्या कडेनं बिचकत बिचकत जात होती.

"मधून चाल," टॅमझिन मागून ओरडली. "कडेनं काही उपयोग नाही!"

इडिथ थांबली. मागे वळून पाहिलं नाही. मग एक पाय उचलून तिनं तो पाण्याच्या मधोमध ठेवला, आणि मग दुसरा.